बारक्या पाकिटाची रांग

मुलाचा पुण्याहून फोन येतो तो रविवारी सकाळी. त्याआधीच मी चहा, आंघोळ, पेपर उरकून खुर्चीत बसलेला असतो आणि फोन वाजला की मुद्दाम चार रिंग होऊ देतो. म्हातारा फोनवर टपून बसलाय असं त्याला वाटू नये. बायको जाऊन चार वर्षं झाली. जळगावच्या या दोन खोल्यांत आठवडाभर माझं बोलणं होतं ते दूधवाल्याशी आणि टीव्हीशी. टीव्हीशी जरा भांडणही होतं.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीच नाही. म्हणाला, "आबा, ताईची फाइल हवीये."

ताई म्हणजे माझी मुलगी, त्याची मोठी बहीण. तिला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त टिकायचं नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात नेऊन बाटली चढवावी लागायची. एकोणीस वर्षांची होऊन ती गेली. हा दोष आई आणि बाप दोघांच्या रक्तात अर्धा-अर्धा लपून असतो, मुलात एकत्र आला की आजार होतो, हे आम्हाला ती आजारी पडल्यावर कळलं. मुलाच्या रक्तातही तो अर्धा होता. त्याचं लग्न ठरवताना मी दोन-दोन जोशांकडून पत्रिका जुळवून घेतली, पण सुनेचं रक्त तपासायचं राहून गेलं. अख्खी नोकरी शेतकऱ्यांना 'आधी माती तपासा' असं सांगण्यात घालवलेला मी कृषी सहायक! सुनेच्या रक्तातही तोच अर्धा निघाला.

"प्रयोगशाळेत गर्भ तयार करणार," मुलगा सांगत होता. "प्रत्येकाचे जनुक तपासणार आणि ज्यात आजार नाही तोच ठेवणार. नेमकं काय शोधायचं ते ताईच्या रिपोर्टवरून कळेल."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे नाही ठेवायचे, आबा."

बघतो सापडते का, असं मी म्हणालो. फाइल पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, तिच्या निळ्या स्वेटरखाली होती. ते मला झोपेतही सांगता आलं असतं. तरी पुढचे तीन रविवार मी 'सापडत नाही' म्हणत राहिलो. तिच्यासारखी कोणी येत असेल तर ती त्या कागदांवरून ओळखायची आणि दारातूनच परत पाठवायची, आणि ते कागद मी माझ्या हाताने द्यायचे. माझ्याच्याने ते होईना.

त्या दिवसांत मला धुळ्याकडचं आमचं शेत सारखं आठवायचं. तेव्हा बीटी कपाशी नवीन होती. अळीला मारणारं जनुक तिच्यात बाहेरून घातलेलं. बियाण्याच्या थैलीबरोबर साध्या कपाशीचं एक बारकं पाकीट यायचं, ते शेताच्या कडेने लावायचं. त्या साध्या झाडांवर थोडी अळी जगू द्यायची, म्हणजे सगळीच अळी जहर पचवायला शिकत नाही. गावोगाव सभा घेऊन मी हे सांगायचो. लोक माना डोलवायचे आणि पाकीट बांधावर फेकून द्यायचे. अळी पोसायला आपली जमीन कोण देणार? खरं सांगतो, माझ्या शेतातही ते फेकलंच जायचं.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. बांधावर फेकलेली पाकिटं तिने गोळा केली आणि विहिरीकडच्या कडेला ते बी लावलं. दवाखान्यातून आली की घरात न शिरता आधी तिकडे जायची. झाडं झकास वाढली, फुलं धरली आणि मग अळी आली. पुस्तकात लिहिलं होतं अगदी तशी.

शेजारच्या शेतातले नाना बांधावर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "भाऊ, आमले शिकाडतस नि तुमनाच वावरमा अळी शे!"

त्यांना मी समजावू शकलो असतो. त्याचाच तर मला पगार होता. पण चारचौघांत झालेलं हसू मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर दवाखान्यात गेली असताना मी ती अख्खी रांग उपटून टाकली. संध्याकाळी ती आली, हाताला सुईची पट्टी तशीच होती.

"आबा, बठ्ठं उपटी टाकं?" आणि जरा वेळाने, "तेनं काय चुकनं?"

कीड लागली होती, एवढंच मी म्हणालो. त्या वर्षी वेचणी सुरू करायच्या दिवशी, रीतीप्रमाणे कपाशीपुढे दहीभात ठेवला, तेव्हा तिने आपल्या वाटचा घास त्या उघड्या पट्ट्यावर नेऊन ठेवला. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पुढे काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्या न किडणाऱ्या कपाशीतही शिरली. लोक किडकी बोंडं माझ्यापुढे फोडून विचारायचे, आता काय? तू बरोबर होतीस, असं घरी जाऊन जिला सांगायचं ती तोवर राहिली नव्हती.

चौथ्या रविवारी मुलाचा धीर सुटला. "आबा, फाइल सापडत नाही की द्यायची नाही?"

"द्यायची नाही," मी म्हणालो.

तो म्हणाला, "तिची शीर सापडायची नाही तेव्हा तुम्ही बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचात. आत तिचे पाय मी धरायचो. मला तिच्यासारखी नको असं नाही, आबा. मला तसे पाय पुन्हा धरायचे नाहीयेत."

मी फोन ठेवला. त्याच दिवशी पेटी उघडली. स्वेटर बाजूला काढला, फाइल पुसली, आणि सोमवारी सकाळी कुरिअरच्या दुकानात जाऊन देऊन आलो.

बुधवारी त्याचा फोन आला. रविवार नव्हता, त्यामुळे मी पहिल्याच रिंगला उचलला. फाइल मिळाली म्हणाला. मग चाचरत म्हणाला, "आबा, एक विचारू? आमच्या वेळी ही तपासणी असती तर तुम्ही केली असती?"

"केली असती," मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"हं," म्हणाला, आणि गुडघ्यांना तेल लावत जा असं सांगून त्याने फोन ठेवला.

केली असती. रांग उपटली तशीच, तिचं काय चुकलं ते न विचारता. आणि मला कधी कळलंही नसतं की आज या दोन खोल्यांत बसून मला जिची इतकी आठवण येते, तिलाच मी नको म्हणालो होतो.