बेचाळीस फूट रिव्हर्स

पनवेलकरांनो, आज सकाळी मी एका टेम्पोला आमच्या आवारातून बेचाळीस फूट रिव्हर्स घ्यायला लावला. अंतर टेपने मोजलेलं आहे, मी सिव्हिल इंजिनिअर आहे.

आमच्या गेटपासून मागच्या गल्लीपर्यंत घराच्या कडेने आमचा खासगी रस्ता आहे. बाहेर ट्रॅफिक तुंबलं की लोक बिनदिक्कत इथून गाड्या घालतात. बाबा गेट लावू देत नाहीत. "दिवसा गेट लावलं तर लोक म्हणतील, ही माणसं माजली."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा याच रस्त्यावर वॉकर घेऊन चालतात. आज टेम्पोने त्यांच्या पाठीमागे येऊन हॉर्न मारला. बाबा दचकून भिंतीवर रेलले. पडता पडता वाचले.

मी टेम्पोसमोर उभी राहिले.

"ताई, सगळेच जातात इथनं. दोन मिनिटांचं काम."

"मागे घ्या."

"मागचं दिसत नाय."

"मला दिसतं." मी मागे जाऊन उभी राहिले. "या, या... थोडं डावीकडे कापा... या."

"एवढा कसला माज?" गेटबाहेर पडताना तो ओरडला.

मी बाबांकडे पाहिलं. ते अजून भिंतीला धरून होते.

"कुलूप कपाटात वरच्या खणात आहे," ते म्हणाले.

लावलं. ज्यांना हा माज वाटतो, त्यांनी कमेंटमध्ये आपला पत्ता लिहावा आणि स्वतःचं गेट दिवसभर उघडं ठेवावं. टेम्पोवाल्यांना मी कळवते. आहे कोणी तयार?