बोट दाखवलेली झुकिनी

गच्चीवर दोन गोष्टी आपोआप साठतात, पालापाचोळा आणि किस्से. पाचोळ्याचं निदान खत तरी होतं. किस्से तसेच पडून राहतात, आणि चार माणसं चहाला जमली की कुणीतरी त्यात हात घालतंच. शाहूपुरीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेल्या हिवाळ्यात आम्ही झुकिनी लावली, तेव्हाचे हे किस्से. मी थापाड्या म्हणून अख्ख्या पेठेत प्रसिद्ध आहे. पण यात एकही थाप नाही. घालायला जागाच उरली नाही. जे खरं घडलं तेच एवढं लाजिरवाणं होतं!

*

बी आणलं बापू पाटलांनी. बापू तळमजल्यावर राहतात, गावाकडं ऊस आहे, त्यामुळं मातीतलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा दावा. कागदी कपात रोपं उगवली, पानं फुटली, आणि एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही ती कापलेल्या ड्रममध्ये लावली. पाकिटावरचं चित्र बघून बापूंनी निकाल दिला, "काकडीची बहीण हाय. वर चढणार."

मग बांबू आले, सुतळी आली, दोडक्याला घालतात तसा मांडव झाला. झुकिनीनं मांडवाकडं ढुंकूनही बघितलं नाही. बसल्या जागी ती रुंद होत गेली. बापू रोज एक पान उचलून सुतळीला टेकवायचे आणि आम्हाला सांगायचे, "लाजतीया. चढंल."

शेवटी वरच्या मजल्यावरचे कांबळे सर आले. सर विज्ञानाचे शिक्षक, आता निवृत्त. त्यांनी पाकीट उलटं केलं, चष्मा लावला आणि वाचलं, "बापू, हे झुडूप आहे."

तेव्हापासून त्या मांडवावर बापूंची लुंगी वाळत असते.

*

पाण्याच्या पाळ्या सरांनी लावून दिल्या. पाणी सकाळी घालायचं, बुंध्याशी घालायचं, पानांवर नाही. नियम साधे होते, पण आमचा एकमेकांवर विश्वास नव्हता. एका सकाळी माझी पाळी होती म्हणून मी पाणी घातलं. मी विसरलो असणार म्हणून बायकोनं, संगीतानं, घातलं. आम्ही दोघंही विसरलो असणार म्हणून बापूंनी थेट टाकीला पाइप जोडला.

थोड्या वेळानं सर वर आले. हातात उशी, तिच्यातनं पाणी गळतंय. गच्चीची भेग नेमकी त्यांच्या पलंगावर होती.

आम्ही तिघं आपापल्या चपला बघत उभे. सरांनी एवढंच विचारलं, "रोपं ठीक आहेत ना?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

गारगोटीला माझा मेव्हणा असतो. त्याला मी फोनवर सांगून बसलो होतो की आमची झुकिनी अशी काही आलीय की एक उचलायला दोन माणसं लागतात. रविवारी पठ्ठ्या पोतं घेऊन दारात हजर!

गच्चीवर नेलं. झुकिनी अंगठ्याएवढ्या. मेव्हण्यानं ड्रमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "दाजी, एक माणूस तुमी. दुसरा मी आलोय. उचला."

तेवढ्यात सर वर आले, बापू होतेच. पाहुण्यासाठी संगीतानं गरम भजी आणली. मेव्हण्यानं एक तोंडात टाकलं आणि "हीच का ती?" म्हणून बोट पुढं केलं.

"बोट दुमडा पावणं!" बापू ओरडले.

आमच्याकडं भोपळ्या-काकडीच्या कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवलं की फळ कुजतं म्हणतात. दाखवायचंच तर बोट दुमडून दाखवायचं. मेव्हण्यानं बोट दुमडलं, वर खबरदारी म्हणून अख्खा हात खिशात घातला.

सरांना मात्र राहवलं नाही. आयुष्यभर वर्गात हेच खोडत आलोय, म्हणाले. डाव्या हातात भजी तशीच धरून त्यांनी उजवं बोट ताठ केलं आणि प्रत्येक झुकिनीला नीट दाखवलं. वर म्हणाले, "एक जरी कुजली तर या गच्चीवर पुन्हा विज्ञानाचं नाव काढणार नाही."

सगळ्या कुजल्या. टोकाकडनं पिवळ्या पडल्या, सुरकुतल्या आणि गळाल्या.

*

बापूंनी टोमणा मारला असता तर सरांनी वाद घातला असता. पण बापू माणूस प्रेमळ. ते सरांच्या दारात जाऊन समजूत काढून आले, "असू दे सर. एखाद्याचं बोट जड असतंय."

हे वाक्य सगळ्या जिन्यानं ऐकलं. सर गच्चीवर यायचे थांबले. एकदा ते दूध घेऊन वर चढत होते, तर पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी आपली मिरचीची कुंडी पायानं दाराआड सरकवली. मी बघितलं. सरांनीही बघितलं. ज्या माणसानं त्यांच्या दोन्ही पोरांना फुकट गणित-विज्ञान शिकवलं, तो माणूस! सर मान खाली घालून वर गेले, आणि मी उगाचच फोन कानाला लावला.

*

त्याच आठवड्यात संगीतानं पुन्हा भजी केली. मी खाता खाता विचारलं, कशाची?

"झुकिनीच्या फुलांची. एवढे दिवस खाताय, आणि आज विचारताय व्हय?"

हातातलं भजं ताटलीत ठेवून मी म्हणालो, फुलंच खाल्ली तर फळं कशी धरणार? ती चिडली. म्हणाली, "फळाच्या फुलाला हात लावत न्हाय मी. ज्यांच्या मागं फळ न्हाय ती फुकटची फुलं तेवढी खुडते."

मी मोबाइल काढला. फुकटची फुलं म्हणजे नरफुलं. त्यांचा पराग मादीफुलाला लागला नाही की फळ धरत नाही, टोकाकडनं कुजतं. थोडक्यात, गच्चीवरचे सगळे नवरदेव आम्ही बेसनात बुडवून खाल्ले होते. आणि संगीता काही एकटी खाणारी नाही, दर खेपेला घरोघर ताटली जायची. सरांनी तर कुरकुरीत झाल्याचा निरोप पाठवून आणखी मागवली होती.

आम्ही दोघं सरांकडं गेलो. संगीतानंच सगळं सांगितलं. सरांनी आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी बोट दाखवत होतो, तेव्हा माझ्या डाव्या हातात..."

"भजी होती, सर."

सर हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. काचा स्वच्छ होत्या.

*

मी दारोदार जाऊन खरं काय ते सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी पदराआड हसल्या. "भाऊजी, तुम्ही सांगताय म्हणजे थापच असणार!"

जन्मात पहिल्यांदा मला माझी कीर्ती टोचली.

बापूंनी मात्र ऐकून घेतलं. नुसते दाढी खाजवत बसले.

*

फुलं खुडणं बंद झालं. सर पहाटे कुणी नसताना यायचे, ब्रशनं पराग लावायचे आणि खाली जायचे. आठवडाभरात नवी फळं धरली, करंगळीएवढी, हिरवीगार.

एका सकाळी वहिनी कपडे वाळत घालत होत्या, मी पाणी घालत होतो. जिन्यातनं बापू वर आले, सरांचा हात धरून, जवळजवळ ओढतच. सर नको नको म्हणत होते. बापूंनी त्यांना ड्रमपाशी उभं केलं आणि वहिनींना हाक मारली, "सूनबाई, इकडं या. बघा."

मग त्यांनी सरांची मूठ आपल्या हातात घेतली, त्यातलं एक बोट सरळ केलं आणि सगळ्यात कोवळ्या झुकिनीवर रोखून धरलं. बापूंचे डोळे गच्च मिटलेले.

सर हळू आवाजात म्हणाले, "बापू, डोळे उघडा की."

"तुमी दाखवा सर," बापू म्हणाले. "मी उघडतो मागनं."