फोटो हलला नव्हता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. सविताला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते खरं तिलाच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. उद्या ती तुम्हाला रस्त्यात भेटणार नाही. इतकं साधं कारण आहे.

मी दिग्रसला शाळेत भूगोल शिकवते. सुट्टी असली की कॅमेरा घेऊन माळावर, तलावावर, जंगलाच्या कडेला जाते — पंधरा वर्षं झाली. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. कुठली लेन्स घ्यावी, कुठल्या उजेडात काय करावं, असं काहीही अडलं की गटात एकच उत्तर असायचं, मॅडमले विचारा. मला ते आवडायचं. किती आवडायचं हे मात्र सविता गटात येईपर्यंत मला कळलं नव्हतं.

सविता नर्स. स्कूटीवरून तांड्यातांड्यावर जाऊन लेकरांना लसी द्यायची, बाळंतिणींना बघायची. स्वतःही तांड्यावरचीच, आईला याडी म्हणणारी. रोजच्या जाण्यायेण्यात कुठल्या नाल्यावर रोही, म्हणजे नीलगाई, पाणी प्यायला येतात, कुठल्या बांधात खोकडाचं बीळ आहे, हे तिला न शोधता कळत असे. जुना कॅमेरा तिला मीच दिला होता, सोबतच्या छोट्या लेन्ससकट. त्या छोट्या लेन्सवर तिनं खोकडाच्या मादीचा फोटो काढला — पिल्लाला मानेशी धरून बिळातून बाहेर येताना. वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्या गटाचं प्रदर्शन होतं. माझे अकरा फोटो होते, तिचा हा एक. गर्दी तिथंच. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले, म्हणाले, "मॅडम, हा तुमचा फोटो पाहून डोळे भरले हो."

"माझा नाही," मी म्हटलं. एवढंच. सविता शेजारीच उभी होती. हसून म्हणाली, "मॅडमनंच शिकोलं मले."

त्या वाक्याचा मला राग आला. का आला? ती खोटं बोलत होती म्हणून? की मला ठाऊक होतं — असं बघणं मी तिला शिकवलेलं नव्हतं, आणि कुणी मलाही शिकवू शकलं नसतं?

मग तिनं मोठी लेन्स घ्यायचं ठरवलं. पैशांची अडचण नव्हती, घरी सगळं बोलून झालं होतं. अडचण एवढीच, की कुठली घ्यावी हे तिला मला विचारायचं होतं. आम्ही दोघी एसटीनं नागपूरला गेलो. दुकानदारानं काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या, तीनशेची आणि सहाशेची. आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं. पाखरांसाठी सहाशेचीच हवी, हे मला माहीत होतं. माझ्याकडे तीच आहे. गटात दुसऱ्या कुणाकडे नव्हती — हेही सांगून टाकते.

सवितानं सहाशेची लेन्स कॅमेऱ्याला लावली, दुकानाच्या दारात गेली. रस्त्यापलीकडच्या इमारतीवर पाण्याच्या टाकीवर घार बसली होती. सवितानं कोपर पोटाशी टेकवलं, श्वास धरला, एकच फोटो काढला. स्वतः बघितलाच नाही. कॅमेरा माझ्या हातात दिला. "पहा बरं मॅडम, आला का?"

मी मोठा करून बघितला.

तुम्हाला कसं सांगू? एकेक पीस वेगळं दिसत होतं. डोळा लख्ख. आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेली ती जड लेन्स, आणि पहिलाच फोटो. मला ती लेन्स हातात स्थिर धरायला दोन वर्षं लागली होती.

सविता माझ्या तोंडाकडे बघत होती. फोटोकडे नाही.

"हललाय," मी म्हणाले. आणि अंगठ्यानं तो पुसून टाकला.

"हो का?"

"तुला हे वजन झेपायचं नाही, सविता. तीनशेची घे. थोडं जवळ जायचं, झालं."

"तुम्ही म्हणता तं बरोबरच असन."

तिनं तीनशेची घेतली. परतीच्या एसटीत ती लेन्सचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मला खिडकी दिली तिनं.

त्यानंतर वर्षभर ती जवळ जात राहिली. मी शिकवलं होतं ना — थोडं जवळ जायचं. पोटावर सरपटायची, काट्यातून जायची, हात सोलून यायची. मी बघत होते. आता तरी सांगावं, असं कितीदा वाटलं. काय सांगणार? की तो फोटो हलला नव्हता?

मग हिवाळ्यातली ती सकाळ. सोयाबीन निघालेलं, शेजारी तूर उभी. मोकळ्या वावरात धाविक पक्ष्यांची जोडी होती. मातीच्या रंगाचं पाखरू, पायी पळणारं, माणूस जवळ आला की लांब जाणारं. मी बांधावर उभी होते. तिथूनच मला त्याच्या डोळ्यावरची पांढरी रेघ दिसत होती. सविताला बांधावरून नुसता ठिपका दिसला असता. म्हणून ती पालथी पडून तुरीच्या कडेकडेनं पुढे सरकत होती. दहा हात. वीस हात. मी माझे फोटो काढत होते.

तिच्या डाव्या बाजूला तूर हलली. वारा नव्हता.

मी ओरडले. "सविता, ऊठ!" ती गुडघ्यावर आली तेवढ्यात रानडुकरीण बाहेर पडली. मागे पिल्लं होती. सवितानं तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला. डुकरिणीनं तोच धरला. मी दगड मारत, ओरडत धावले. ती पिल्लांना घेऊन तुरीत परत शिरली. हे सगळं दोन मिनिटांत झालं असेल. माझी ओढणी सविताच्या हाताला गुंडाळली ती लगेच जड झाली.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला. मनगटाची नस मात्र तुटली होती.

बाहेर व्हरांड्यात तिचा नवरा माझ्यासमोर उभा राहिला. गरीब माणूस, आवाज चढवणारा नाही. "ताई, येवढ्या जवळ काहून गेली वो थे?"

त्यानं मला विचारलं होतं. साधं विचारलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं, आणि देणारी मी एकटीच होते.

मी म्हणाले, "मी किती वेळा सांगितलं होतं, इतकं जवळ जाऊ नको म्हणून. ऐकतच नव्हती."

दुकानातलं खोटं मत्सरातून आलं, ते मी स्वतःशी तरी कबूल करू शकते. पण हे? हे मी ती आत बेशुद्ध असताना तिच्या नवऱ्याला सांगितलं. पुढे त्यानं तेच घरी सांगितलं, तांड्यावर सांगितलं, आणि सविता शुद्धीवर आल्यावर तिलाही सांगितलं. आठवडाभरानं मी भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगत होत्या. मीच नाही ऐकलं." तिला खरंच तसं आठवत होतं. मी तिच्यासाठी मोसंबी सोलत होते. सोलत राहिले.

तिच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. सुई धरता येत नाही. आता ती आरोग्य केंद्रात बसून डाव्या हातानं रजिस्टर भरते, तांड्यावर दुसरी नर्स जाते. कॅमेरा तिनं उचललेला नाही. प्रदर्शन दरवर्षी होतं. गटात कुणाला काही अडलं की मॅडमले विचारा.

पण रान तिच्या नजरेतून सुटलेलं नाही. गेल्या रविवारी तिचा फोन आला. "मॅडम, तांड्यामागच्या झाडावर घुबडाचं जोडपं येऊन राह्यलं. लवकर या, उजेड मस्त हाय." मी गेले. ती झाडाखाली माझ्या शेजारी उभी राहिली आणि डाव्या हातानं फांदी दाखवली. मी बरेच फोटो काढले. "पाहू द्या," ती म्हणाली. मी कॅमेरा तिच्यापुढे धरला.

तिनं एकेक नीट बघितला. "छान आले, मॅडम," ती म्हणाली, आणि मला चहाला घरी घेऊन गेली.

मी गेले. चहा घेतला.