आमच्या बाजूनं ओरडणारा वैरी

"जिता रे, जिता! तुम्ही जितशात तवयच मी तुमले हरावसू!"

मैदानाच्या कडेला उभं राहून डोक्यावरची टोपी काढायची, मांडीवर फाडकन आपटायची आणि हे असं ओरडायचं. नवखा प्रेक्षक दचकायचा. हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा? आमचा म्हणावा तर हरवायची भाषा करतोय, आणि वैरी म्हणावा तर आमच्या प्रत्येक गोलला आमच्या बायकापोरांपेक्षा जास्त उड्या मारतोय.

तर तो वैरीच होता. इतका सच्चा वैरी मी दुसरा पाहिला नाही. तुम्हीही आपापल्या गावात रागीट माणसं पाहिली असतील, पण बहुतेकांचा राग जेवणापर्यंत टिकतो. या गृहस्थांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला, लोणच्याच्या बरणीसारखा, रोज हलवून.

नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणायचो. धुळ्याला आग्रा रोडवर त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि पांझरा नदीच्या वाळूत त्यांचा फुटबॉलचा संघ. दुकानात जे कापड खपायचं नाही त्याचे संघाला सदरे शिवले जायचे. एका वर्षी त्यांचा संघ लेंग्याच्या पट्ट्यापट्ट्यांत खेळला, एका वर्षी उशीच्या अभ्र्यांच्या फुलाफुलांत. कोणी हसलं की नाना म्हणायचे, "हसा. गोल बी फुलेसवालाच मारी." आणि मारायचाही.

मी भुसावळजवळच्या कारखान्याच्या वसाहतीत राहायचो आणि वसाहतीच्या संघाचा गोलकीपर होतो. आमचा संघ लीगमधला. लीग म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि गुण जमवायचे. नानांचा संघ कपवाला. कप म्हणजे हरला की घरी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या स्पर्धा समितीच्या अध्यक्षांनी एका मासिकात वाचलं, की मोठ्या देशांत लीग जिंकणारा आणि कप जिंकणारा असे दोन संघ वर्षातून एकदा भिडतात आणि त्याला सुपर कप म्हणतात. झालं. खानदेशालाही सुपर कप पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. चषक आणला तो पसरट होता. सावद्याच्या केळीवाल्यांनी त्याला लगेच 'सुपडा कप' नाव दिलं. नानांनी मात्र तो शब्द कधी उच्चारला नाही. त्यांच्यासाठी ती थट्टा नव्हती.

पहिल्या सुपर कपला लीग आम्ही जिंकली होती, कप नानांनी. हिवाळ्याचे दिवस. नाना पोरांना घेऊन धुळ्याहून चाळीसगाव आणि तिथून गाडी बदलून भुसावळ असे आले. पोरं मैदानात उतरली ती अनवाणी. ती नेहमीच अनवाणी खेळायची. कपचे सगळे सामनेही तशीच खेळली होती, कोणी हरकत घेतली नव्हती.

अध्यक्ष खुर्चीतून उठले. "बूट कुठे आहेत, नाना?"

"बूट? पाय शेत ना."

"बूट नाहीत तर सामना नाही. बाहेर देशी जे नियम, तेच इथे."

नाना त्यांच्या मागे मागे फिरले. दोन तास द्या, भुसावळच्या बाजारातून मिळतील तसे बूट आणतो, म्हणाले. अध्यक्षांना घाई होती, त्यांचे पाहुणे आलेले होते. त्यांनी शिट्टी वाजवायला लावली, नानांचा संघ गैरहजर धरला आणि चषक आमच्या कप्तानाच्या हातात दिला. आम्ही घामाचा थेंबही न गाळता खानदेशचे विजेते झालो.

इथपर्यंत असतं तर नाना कदाचित विसरलेही असते. पण मैदानाच्या मागे भरिताचा बेत होता. आपल्याकडे हिवाळ्यात चार माणसं जमली की वांगी भाजली जाणारच. तुराट्यांचा जाळ, वांग्याचा धूर, केळीच्या पानांच्या ओळी. अध्यक्षांनी मोठ्या प्रेमानं हाक मारली, "नाना, सामन्याचं राहू द्या. भरीत तयार आहे. पोरांना जेवून घेऊन जा!"

सगळं बिघडलं ते या हाकेनं. खेळायला आलेल्या माणसाला जेवायला आल्यासारखं वागवलं. आमच्या अध्यक्षांना त्यात काही वावगं दिसलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. खानदेशात कुणाला उपाशी पाठवणं हा अपमान, जेवायला बसवणं नव्हे. पण नानांचा चेहरा मी पाहिला. पोरं पंगतीकडे बघत होती, भुकेली होती. नाना म्हणाले, "चाला." आणि सगळे स्टेशनकडे चालते झाले.

त्या दिवसापासून नानांना एकच गोष्ट हवी होती. त्याच मैदानावर, त्याच अध्यक्षांसमोर, त्याच सामन्यात आम्हाला हरवायचं. मित्रत्वाचा सामना नको, दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत गाठ नको. सुपर कपच पाहिजे.

आता यातली गोम बघा. सुपर कपमध्ये गाठ पडायची तर नानांनी कप जिंकायला हवा आणि आम्ही लीग. त्यांचा कप ते जिंकायचे, त्यांची पोरं चिवट होती. पण आम्ही? फुकटचा चषक मिळाल्यापासून आम्ही ढिले पडलो होतो. पुढच्या वर्षी लीगमध्ये तिसरे आलो. त्याच्या पुढच्या वर्षी विचारू नका. नाना सुपर कप खेळायला यायचे आणि समोर दुसराच कुठला तरी संघ. ते त्याला हरवायचे, चषक घ्यायचे आणि तोंड पाडून परत जायचे. चषक घेऊन रडवेला झालेला माणूस मी फक्त तोच पाहिला.

मग एका रविवारी आमच्या लीगच्या सामन्याला कडेला टोपी आपटल्याचा आवाज आला.

"ओ लेफ्ट बॅक! कोठे जास रे? मांगे फिर, मांगे!"

आमच्या लेफ्ट बॅकला चेंडू दिसला की पुढे पळत सुटायची खोड होती. मागे खिंडार पडायचं आणि गोल मला खावा लागायचा. आमच्या प्रशिक्षकाला ते कधी दिसलं नव्हतं. नानांना पहिल्या हाफमध्येच दिसलं. त्यानंतर ते जमेल त्या रविवारी यायला लागले. मध्यंतराला संत्र्याच्या फोडी खात आम्ही बसलेलो असायचो आणि नाना समोर उभे राहून आम्हाला झापत असायचे. मला म्हणाले, "गोलकीपर, तू डोया मिटस. चेंडू काय साप शे का?"

मी एकदा विचारलं, "नाना, आम्हाला शिकवताय, आम्ही सुधारलो तर तुम्हीच हराल की."

"सुधरा ना भो," ते दात खाऊन म्हणाले. "रिकामं मडकं फोडीसन काय मजा? माले भरेल घागर फोडनी शे."

त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. कोपऱ्यातून येणारा चेंडू कसा घ्यायचा, थकल्यावर श्वास कसा धरायचा. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती पुढे कळली.

शेवटी एका वर्षी आम्ही लीग जिंकली. शेवटच्या सामन्याला नाना आमच्या कप्तानाच्या गळ्यात पडले. अध्यक्षांना वाटलं, माणूस विसरला. त्यांनी विचारलं, "मग नाना, सुपर कपची तारीख तुम्हीच सांगा." नाना म्हणाले, "वैशाख. दुपारना चार." अध्यक्षांनी मोठ्या मनानं हो म्हटलं. भुसावळचा वैशाख काय असतो हे ठाऊक असून हो म्हटलं.

सामन्याच्या दिवशी नानांचा संघ उतरला तो बुटांत. नवे कोरे, काळे कुळकुळीत बूट. सदरे मात्र खणाच्या कापडाचे. अध्यक्ष खुश झाले, टाळी वाजवली. तेवढ्यात नाना पंचांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, नियमपरमानं बठ्ठास्ना बूट तपासा."

पंच नाशिकचे होते, कुणाचेच नव्हते. त्यांनी एकेकाला पाय उलटा करायला लावला. नानांच्या पोरांचे बूट स्वच्छ निघाले. आमचे? आमच्या बुटांच्या तळाचे चामड्याचे गोळे झिजले की आम्ही वसाहतीच्या फाटकाजवळच्या मोच्याकडून खिळे ठोकून घ्यायचो. खिळ्यांची टोकं बाहेर आलेली. लीगमध्ये कोणी बघत नव्हतं. नाना मात्र इतके रविवार कडेला उभे राहून नेमके तेच बघत होते, आणि गप्प होते.

पंचांनी मान हलवली. "या बुटांत खेळू देता येणार नाही. समोरच्याच्या पायाला इजा होईल. नाना, तुमचा संघ हजर आहे, यांचा नाही असं धरावं लागेल."

अध्यक्ष खुर्चीतून उठले, त्यांचा चेहरा उतरला. "नाना, दोन तास द्या. बाजारातून..."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पंचांना म्हणाले, "वॉकओव्हर नको माले. माले सामना जोयजे. त्या बूट काढतीन, आम्ही बी काढसूत. बठ्ठा अनवाणी."

आणि त्यांच्या पोरांनी नवे कोरे बूट काढून कडेला ओळीनं मांडून ठेवले.

पंचांनी आम्हाला विचारलं. नाही म्हणणार कोण? आम्ही बूट काढले. त्या जमिनीवर पहिलं पाऊल टाकलं तेव्हा माझ्या तोंडून आईचं नाव निघालं. वैशाखातली काळी जमीन, तव्यासारखी तापलेली. नानांची पोरं भर दुपारी पांझरेच्या वाळूत पळून आलेली, त्यांना तो गालिचा. आम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. आमचा लेफ्ट बॅक शिकवल्याप्रमाणे मागे थांबायचा, पण थांबलं की पाय भाजायचे म्हणून पुन्हा पुढे पळायचा. गोलांची आठवण काढत नाही. मी डोळे उघडे ठेवले होते, एवढंच सांगतो.

नाना त्या दिवशी ओरडले नाहीत. टोपी डोक्यावर होती. ते मैदानाकडे बघतच नव्हते, ते अध्यक्षांकडे बघत होते. प्रत्येक गोल झाला की थोडेसे वाकून नमस्कार करायचे. शेवटच्या शिट्टीनंतर त्यांनी अध्यक्षांच्या हातातून चषक घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "साहेब, आते तुमना पोरेस्ले जेवाले लई जा. भुक्या व्हतीन."

अध्यक्ष घरी गेले. मी आठवडाभर तळपायांना तूप चोळून कामावर जात होतो आणि नानांना शिव्या घालत होतो.

पुढच्या हंगामात नाना आले नाहीत. पहिल्या सामन्यात आमचा लेफ्ट बॅक पुढे पळाला, मी गोल खाल्ला आणि कडेकडे पाहिलं. टोपी आपटायला तिथे कोणी नव्हतं. आम्ही लीगमध्ये घसरत गेलो. न राहवून मी धुळ्याला गेलो. नाना गादीवर बसून गिऱ्हाइकाला चादरी दाखवत होते. संघ मोडला होता.

"नाना, येत का नाही?"

"कसाले येऊ, भो? राग गया. फुटबॉल बी गया." ते हसले. इतकं साधं, रिकामं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही.

"तुमचा गेला असेल," मी म्हणालो. "माझे पाय भाजलेत. आम्ही लीग जिंकणार. तुम्ही कप जिंका आणि या. नाही तुम्हाला लोळवलं तर बघा."

त्यांनी चादर खाली ठेवली. डोळ्यांत जरा जुनं काही हललं. "आधी जिती तर दाखाड," ते म्हणाले. पोरं पुन्हा जमवली त्यांनी, असं नंतर ऐकलं.

आम्हाला लीग जिंकायला फार वेळ लागला. मी खेळणं सोडून संघाचा प्रशिक्षक झालो होतो. देशाच्या पातळीवरही असा सुपर कप सुरू झाल्याचं पेपरात वाचलं, त्याच सुमारास आमचा संघ लीग जिंकला आणि धुळ्याच्या पोरांनी कप जिंकला. मी धुळ्याला निरोप पाठवला. उत्तर आलं की संघ येईल, नाना मात्र त्या पावसाळ्यात वारले.

सामना झाला. आम्ही जिंकलो, चांगले जिंकलो. मी कडेला उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. शिट्टी झाल्यावर त्यांचा कप्तान माझ्याकडे आला, हसून म्हणाला, "भारी खेळले तुमचे."

माझं डोकंच फिरलं. मी त्याचा हात धरला. "अरे, हरलात ना तुम्ही? मग जरा चिडून दाखव की!"

त्याला काही कळलं नाही. त्यानं हात सोडवून घेतला, पुन्हा हसला आणि बसमध्ये जाऊन बसला.