गोजरबाईंचा सहावा हात

निम्मी वाट सरली तरी गोजरबाईंचं एकच चाललं होतं, "बाई, म्या हात वर केलाच न्हाई हो!"

"मंग काय आपोआप गेला?" अंगणवाडीच्या पुष्पाबाईंनी विचारलं. हसू दाबून दाबून त्यांचे गाल दुखायला लागले होते.

तालुक्याची कचेरी अजून दीड कोस होती. एसटीनं जाता आलं असतं. पण एसटीत सगळं गाव, आणि गावात गोजरबाईंचे भाया, म्हणजे थोरले दीर, काकासाहेब. म्हणून दोघी पांदीनं निघाल्या होत्या. गोजरबाईंच्या हातात खुरपं.

"शेतात चाल्ले म्हणून सांगून आले," त्या म्हणाल्या. "खोटं न्हाई. वाटंत शेतंच हायेत."

पंचायतीत बायांची राखीव जागा निघाली, तेव्हा काकासाहेबांनी घरातलं सगळ्यांत कमी बोलणारं माणूस निवडलं. अर्ज त्यांनी भरला, प्रचार नवऱ्यानं केला. गोजरबाईंना निकाल कळला तो परातीतल्या कणकेत गुलाल पडला तेव्हा. कणीक काही त्यांनी टाकली नाही. त्या दिवशी घरादारानं गुलाबी पोळ्या खाल्ल्या.

बैठकीत वडीलधारी माणसं, म्हणून मेंबरीणबाई भिंतीकडं तोंड करून बसायच्या. कान मात्र बराबर आत असायचे. बौद्धवाड्यातल्या साळूबाई सरपंच झाल्या, आणि वर्षात गावाच्या पार टोकापर्यंत नळ गेला, हे त्यांनी पाहिलं होतं. काकासाहेबांना नळ गोड वाटला, खुर्चीतल्या साळूबाई नाही. त्यांनी आपल्या माणसांकरवी अविश्वासाचा ठराव आणला. मेंबर नऊ, हात पाहिजेत सहा. पाच पक्के. सहावा गोजरबाईंचा, घरचाच, म्हणून त्यांना कुणी विचारलंही नाही.

गोजरबाईंनी ठरवलं होतं, हात मांडीखाली दाबून बसायचं. बसल्याही. पण तालुक्याहून आलेल्या तहसीलदारसाहेबांनी "बाजूनं असतील त्यांनी हात वर करा" म्हणायला आणि काकासाहेब दारातून आत यायला एकच गाठ पडली. अंगावर तीर्थपुरीच्या बाजारातलं नवं नायलॉनचं पातळ, डोक्यावर ठरेल तर शपथ! पदर घसरला, सव्वीस वर्षांच्या सवयीनं हात वर गेला आणि साहेबांनी मोजलं, "सहा."

साळूबाईंची खुर्ची गेली.

"तिथंच बोलायचं होतं ना!" पुष्पाबाई म्हणाल्या.

"भायासमोर? तुमी बी काय बोलता, बाई!"

थोडं चालल्यावर गोजरबाई हळूच म्हणाल्या, "सकाळी साळूबाई नळावर भेटली. माझी घागर उचलू लागली. म्हणाली, 'वैनी, तुमी बी?' भाकर गोड लागंना तवापासून."

"घरी कळल्यावर?"

"माहेरी धाडतील. तिथं आता कोण बसलंय माझं? पण खोटा हात माझ्या नावावर नगं."

पुष्पाबाईंना हसू आलं नाही. बांधावरच्या मारुतीला त्यांनी हात जोडले. 'आमच्या मेंबरीणबाईंना आजच्यापुरती जीभ दे रे बाबा.'

कचेरीच्या दारात काकासाहेबांची जीप उभी होती. हात चुकून मोजल्याचा अर्ज पिशवीतून काढता काढता पुष्पाबाई थांबल्या. "उद्या येऊ या का?"

"न्हाई." गोजरबाईंनी खुरपं भिंतीशी ठेवलं आणि उजवा हात पुढं केला.

"बोलंन मी, बाई. सगळं बोलंन. पण भाया दिसले की ह्याचा भरवसा न्हाई. तेवढा घट्ट धरून ठेवा."