सगळेच नर

म्हापशाच्या मासेवाल्याने मला फसवलं. दोन वर्षं फसवलं, आणि त्या दोन वर्षांत शुक्रवारच्या बाजाराला गेलो की मी त्याच्यासाठी आठवणीने गरम भजी नेत होतो.

मी काही भोळा माणूस नाही. डिचोलीत खाणीवरच्या ट्रकचा क्लीनर म्हणून लागलो, पुढे स्वतःचा ट्रक केला, खाणी थांबल्या तेव्हा तो भंगारात जायच्या आधी विकला आणि साखळीत स्पेअर पार्टचं दुकान थाटलं. बाहेरगावचे एजंट मला दर सांगण्याआधी पाणी मागतात. अशा माणसाला दोन-अडीच इंचांच्या माशावरून टोपी घातली गेली, याचा राग अजून गेलेला नाही.

मासे म्हणजे टाकीत पाळायचे बुटके सिक्लिड. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे. शास्त्रीय नाव लांबलचक आहे, आम्ही पाळणारे त्यांना ‘अ‍ॅपिस्टो’ म्हणतो. नराच्या पाठीवरचा पर तुऱ्यासारखा उभा, शेपटीवर लाल ठिपके. मादी त्याच्या निम्मी, राखाडी, लक्षही जाऊ नये अशी. पण अंडी घातली की ती हळदीसारखी पिवळी होते, अंगावर काळे डाग उठतात, आणि दुप्पट मोठ्या नराला ती टाकीच्या कोपऱ्यात दाबून ठेवते. आमच्याकडे हे पहिल्यांदा झालं तेव्हा बायको खुर्ची ओढून टाकीसमोर बसली.

“आता कळला?” ती म्हणाली. “घर कोण चलयता ता?”

तिचं माहेर पेडण्याचं. माशांची पिल्लं वाढवायला ती लागते, हे मी कबूल करतो. अंडी घालायला टाकीत अर्धी करवंटी पालथी ठेवायची, कडेला बोट जाईल एवढं दार पाडायचं, ही युक्ती तिची. बदामाची वाळलेली पानं पाण्यात टाकायची, म्हणजे पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि माशांना मानवतं. पिल्लं पोहायला लागली की त्यांना आर्टेमिया लागतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक कोळंबीच ती. तिची सुकी अंडी बाजारात मिळतात. सोड्याच्या बाटलीत खारं पाणी करून, हवेची नळी सोडून ती उबवायची. त्यासाठी जाडं मीठ बायकोच्या माहेरच्या मिठागरांतून येतं. सकाळी पिल्लांना उबवलेला आर्टेमिया खाऊ घातला की दहा मिनिटांत चाळीस पोटं नारिंगी होतात. ते बघत चहा प्यायचा, आणि मग दुकान उघडायचं. आयुष्यात मी एवढा निवांत कधीच नव्हतो.

फक्त एक अडचण होती. पिल्लं मोठी झाली की सगळे नर निघायचे. चाळिसांतले पस्तीस-छत्तीस नर, आणि उरलेल्या चार-पाच माद्या त्यांच्या मारामारीत टिकायच्या नाहीत. दुसरी वीण तशीच, तिसरी तशीच. नुसता नर कोण नेणार? घेणाऱ्याला जोडी हवी. आणि एका टाकीत पाच नर ठेवले की आठवड्याने दोन उरतात. माझ्या घरात जन्मलेली, मी वाढवलेली एक धड मादी असावी, एवढंच मला हवं होतं. कारण जुनी मादी मेली की मला पुन्हा म्हापशाला जाऊन त्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभं राहावं लागायचं.

त्याने मला पहिल्याच दिवशी, मी न विचारता, सल्ला दिला होता. गिऱ्हाइकाला तो मालक या अर्थी ‘पात्रांव’ म्हणतो. “पात्रांव, पिल्लांक गरम ठेव. उबेत बेगीन वाढतात.” म्हणून मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पिल्लांची टाकी नेली आणि तिथलं जनेल वारा येऊ नये म्हणून बंद करून टाकलं. पिल्लं लवकर वाढायची, हे खरं. मग मी नर घेऊन गेलो की हा मान हलवायचा. “परत दादलेच? तुझ्या पाण्यातच कायतरी आसा.” उपकार केल्यासारखा माझे नर ठेवून घ्यायचा, बदल्यात खाद्याची दोन पाकिटं द्यायचा. पुढच्या शुक्रवारी तेच माझे नर त्याच्या माद्यांबरोबर पुढच्या काचेत, जोडी म्हणून. त्याच्याकडे माद्या कधी संपल्या नाहीत, आणि हे मला कधी खटकलं नाही. इथेच मी गाढव ठरलो.

मग गणपतीची चवथ आली. मुंबईचे भाऊ-भावजया यायचे होते आणि वरची खोली त्यांना झोपायला हवी होती. बायकोने पदर खोचला.

“पाव्हणे तुमच्या माशांवांगडा पोवतले काय? टाकी खाली न्या.”

“पिल्लं आठ दिवसांची आहेत. मरतील.”

“मेली तर माझ्या नावान रडा. टाकी खाली न्या.”

आरडाओरडा मीच जास्त केला, पण टाकी खाली गेली. मागच्या पडवीत, विहिरीच्या बाजूला, लादीवर. पावसाचे दिवस, ऊन तिथे पोचत नाही, आणि पाणी बदलायचं तर विहिरीचंच, हाताला गार लागणारं. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी उतरली, पाहुणे गेले, तरी ती टाकी वर नेण्याचा मला कंटाळा आला. पिल्लं सावकाश वाढली. मी ती मनातून सोडूनच दिली होती.

दिवाळी झाली. एका सकाळी बायकोने हाक मारली. “आयकलात? हंय येवा. हे कोण आसत ते सांगा.”

मी वाकून बघितलं. लहानखुऱ्या, गोल पराच्या, पोटाखालच्या परांना काळी कड, आणि दोघी-तिघींच्या अंगावर पिवळा रंग चढायला लागलेला. मोजल्या. एकतीस माद्या आणि सहा नर.

मी लगेच आनंदलो नाही. मी व्यापारी आहे, एका मालावर विश्वास ठेवत नाही. पुढची वीण मी वाटून टाकली. एकाच आईची पिल्लं, निम्मी वर पत्र्याखाली, निम्मी खाली लादीवर. खाणं तेच, मीठ तेच, पानं तीच. तीन महिने थांबलो. वर सगळे नर. खाली बहुतेक माद्या. उबेत नर, गारव्यात माद्या. तेव्हा कुठे मी त्या पडवीत बसून एकटाच मोठ्याने हसलो.

आणि हसता हसता आठवलं, की त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पिल्लांची टबं नेहमी जमिनीवर असतात, भोवती ओली पोती गुंडाळलेली. एकदा मी कारण विचारलं होतं. म्हणाला होता, “वर जागो ना, पात्रांव.”

पुढच्या शुक्रवारी गेलो. भजी नेली नाहीत. सहा माद्या पिशवीतून त्याच्या काउंटरवर ठेवल्या आणि गार लादीचं सगळं सांगितलं. त्याने पिशवी उजेडात धरली.

“बऱ्यो आसात,” म्हणाला.

“तुला हे ठाऊक होतं?”

“इतका माका कळता तर हांव प्रोफेसर जालो नसतो?”

“मग ओली पोती कशाला?”

तेवढ्यात एक बाई गोल्डफिश मागायला आली आणि तो जाळी घेऊन तिकडे वळला. मी अर्धा तास उभा होतो. माझ्या आवाजाने बाजूचा बांगडीवाला बाहेर येऊन बघून गेला. तो गोल्डफिशच पकडत राहिला.

घरी सांगितलं तर बायको माझ्यावरच उलटली. “तुमी त्याका भाव सोडून कधी काय इचारल्यात? पोत्याचा एकदा इचारल्यात, तेवाय ‘वर जागो ना’ आयकून परत इलात.”

बरोबर आहे तिचं. आज पडवीत चार टाक्या आहेत, जोड्या मी स्वतः लावतो, पेडण्यापासून लोक येतात, आणि मादीसाठी मला कोणाच्या दारात जावं लागत नाही. माझं काही अडलेलं नाही. पण पिल्लं उबेत ठेवण्याचा सल्ला मी मागितला नव्हता, त्याने दिला होता. ठाऊक असून दिला असेल तर तो लबाड आहे. ठाऊक नसताना दिला असेल तर इतकी वर्षं मासे विकून तो काही शिकला नाही. दोन्हींपैकी एक त्याने माझ्या तोंडावर, गिऱ्हाइकांसमोर कबूल करावं. मी येत्या शुक्रवारी येतोय. जाळी खाली ठेव आणि उत्तर दे.