चराईबंदीचं पत्रक आणि आईच्या अकरा शेळ्या

पत्रकं वाचतच मी वाढले, त्यामुळे विसाव्या वर्षी मला जगातल्या प्रत्येक प्रश्नावर एक पत्रक निघायला हवं असं वाटायचं. नांदगावजवळच्या आमच्या गावचं गायरान तेव्हा चरून चरून उघडं पडलं होतं. पावसाबरोबर माती ओढ्याला जायची, मागे खडक उरायचे. मी सायक्लोस्टाइलवर पत्रक काढलं : दोन वर्षं चराईबंदी, मग माती धरेल, गवत वाढेल, दूध वाढेल. अपवाद कुणालाही नाही. या शेवटच्या वाक्याखाली मी दोन ठसठशीत रेघा मारल्या.

आम्हाला जमीन नव्हती. आईच्या अकरा शेळ्या गायरानावर चरायच्या आणि माझं कॉलेज त्या शेळ्यांवर चालायचं. पत्रक लिहिताना हे मला आठवलंच नाही.

आईने ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. "मग शेळ्या विकू, का त्यांना दोन वर्सं उपास धराया सांगू?"

"आई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व किती दूध देतं, बाई?"

ग्रामसभेत बंदीसाठी सगळ्यात आधी हात वर केले ते विहीरवाल्या बागायतदारांनी. त्यांची गुरं गोठ्यात, चारा घरचा. त्यांचं काहीच जात नव्हतं. आई उठली आणि त्यांच्यातल्या थोरल्याला म्हणाली, "अण्णा, मेंढरंवाले येत्यात तवा वावरात मेंढरं बसवायला तुम्ही बाजरी देता ना?"

"देतो की. लेंडीखत लय गुणाचं."

"मग माझ्या शेळ्या काय लेंड्या घरी ठेवून येत्यात?"

सभा हसली. आई हसली नाही. "गायरानाला इसावा द्या. तवर आमच्या शेळ्या तुमच्या रिकाम्या वावरात बसतील. पालापाचोळा खातील, खत देतील. आन् आम्हाला बाजरी."

"अकरा शेळ्यांचं खत ते केवढं, वहिनी?"

"गावातल्या समद्या शेळ्या आणते. मग तर झालं?"

झालं. बंदी लागली आणि आमची एकही शेळी विकावी लागली नाही. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर आईने मला पाळ्या लिहायला बसवलं : कोणत्या दिवशी शेळ्या कुणाच्या वावरात.

पहिल्याच आठवड्यात अण्णा आले. त्यांना दोन दिवस जास्त हवे होते. आईला अक्षर येत नव्हतं. तिने पाळ्यांचा कागद उलटा केला आणि माझ्या त्या दोन रेघांवर बोट ठेवलं.

"हे वाचा, अण्णा. पोरीनं लिव्हलंय."